सोमवारचा दम

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला ‘फुप्फुसांचे आरोग्य’ हा विषय दिला आहे. या विषयावर बोलावयाचे म्हणजे विडीकाडी सोडा, मोकळ्या हवेत फिरा, सकाळी प्राणायाम करा, एवढा उपदेश करून वक्त्याला मोकळे होता येते. हा उपदेश खोटा नाही. परंतु ज्याची पाळी रात्री सुरू होते आणि ज्याच्या खोलीला एकच खिडकी आहे, तीही गटाराकडे उघडणारी, त्याला मोकळ्या हवेत फिरावयास सांगणाऱ्याने ती हवा कोठे मिळते हेही सांगितले पाहिजे. म्हणून मी आज उपदेशाऐवजी आधी थोडे शास्त्र सांगणार आहे आणि मग त्या शास्त्राच्या उजेडात एका रोगाची हकीकत सांगणार आहे. तो रोग आपल्या मुंबईच्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या नांदला. त्याला दमा म्हटले गेले, क्षय म्हटले गेले, विडीचा खोकला म्हटले गेले. त्याचे खरे नाव मात्र ज्यांना तो होता त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानी पडले. शास्त्रात त्याला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. आपण त्याला कापसाच्या धुळीचा दमा म्हणू.

प्रथम श्वासमार्गाची रचना पाहू. नाकातून आत गेलेली हवा मुख्य श्वासनलिकेत येते. ही नलिका साधारण बोटाएवढ्या जाडीची. छातीत उतरल्यावर तिचे दोन फाटे होतात, त्या दोहोंचे चार, चारांचे आठ, असे एकंदर सुमारे तेवीस वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटी हवेच्या सूक्ष्म फुग्यांपाशी, म्हणजे वायुकोशांपाशी, हा वृक्ष संपतो. वायुकोशांची संख्या कोट्यवधी, तीस कोटींच्या वरच. त्यांच्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर एखादे ऐसपैस राहते घर व्यापतील एवढे त्यांचे क्षेत्रफळ. रक्त आणि हवा यांची भेट तेथे होते. बाकीचा सारा वृक्ष म्हणजे तेथवर हवा पोचविणारी पाइपलाइन.

पाइपमधून काहीही वाहवावयाचे तर जोर लावावा लागतो, कारण पाइप वाहणाऱ्या पदार्थाला अडवीत असतो. या अडवणुकीला श्वासमार्गाचा रोध म्हणावयाचे. निरोगी माणसाला तो जाणवतही नाही; आपण बसल्या जागी मिनिटाला बारा-पंधरा वेळा श्वास घेतो आणि त्याची आठवणही ठेवीत नाही. मात्र हा रोध वाढतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. १८४० च्या सुमारास पॉयझ्वीय नावाच्या एका फ्रेंच वैद्याने बारीक नळ्यांतून द्रव वाहवून एक नियम शोधून काढला. नळीची त्रिज्या जितक्या पटीने कमी होईल, तिच्या चौथ्या घाताने रोध वाढतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर रोध दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही. तो सोळापट होतो. त्रिज्या शेकडा दहाने घटली तरी रोध दीडपट होतो, शेकडा वीसने घटली तर जवळजवळ अडीचपट. मोठ्या नलिकांत हवा सरळ रेषेत न वाहता भोवरे करीत वाहते, तेव्हा तेथे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. पण नळी थोडी अरुंद झाली की श्रम फार वाढतो, हे तत्त्व सगळीकडे खरे.

श्वासनलिका म्हणजे काही लोखंडी पाइप नव्हे. तिच्या भोवती स्नायूंची कडी असतात. ती आवळली की नळी अरुंद होते. आतून तिला ओलसर अस्तर असते; ते सुजले की नळी अरुंद होते. त्या अस्तरातून चिकट स्राव येतो; तो साचला की नळी अरुंद होते. दम्यात या तिन्ही गोष्टी एकदम घडतात. शिवाय फुप्फुसाचा लवचीक तंतुजाल बारीक नलिकांना चहूबाजूंनी ताणून उघडे ठेवीत असतो, तंबूच्या दोऱ्या कापडाला ठेवतात तसे. वर्षानुवर्षांच्या धुराने हे तंतू झिजले म्हणजे दोऱ्या तुटतात आणि श्वास सोडताना नळ्या आतल्या आत मिटू लागतात. म्हणून दमेकऱ्याची खरी अडचण श्वास घेण्यापेक्षा सोडण्यात असते. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. छाती फुगलेली राहते आणि खांदे वर चढतात.

आता एक फसवी गोष्ट. सर्वांत बारीक नळ्यांत सर्वांत अधिक रोध असेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. एकेक नळी बारीक असली तरी त्यांची संख्या एवढी प्रचंड असते की सर्वांची मिळून वाट फार रुंद होते. मुख्य श्वासनलिकेचा छेद दोन-अडीच चौरस सेंटिमीटर. शेवटच्या बारीक नलिकांच्या छेदांची बेरीज सुमारे १८० चौरस सेंटिमीटर. १९६७ मध्ये मॅकलम आणि मीड या संशोधकांनी मोजून दाखविले की निरोगी फुप्फुसात दोन मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या सर्व नळ्या मिळून एकूण रोधाचा अगदी लहान हिस्सा उचलतात. याचा अर्थ असा की त्या बारीक नळ्यांपैकी कितीतरी नळ्या बंद पडल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही आणि साध्या तपासणीतही फारसे काही दिसत नाही. डॉक्टर मंडळी या भागाला फुप्फुसाचा मुका प्रदेश म्हणतात. रोग प्रथम घर करतो तो याच प्रदेशात. जिना चढताना दम लागू लागतो तेव्हा बरीच वर्षे उलटून गेलेली असतात आणि मोडतोड बरीच झालेली असते.

एवढे शास्त्र ध्यानात ठेवून आपण गिरणीत शिरू.

कापसाच्या गाठी फोडून रुई मोकळी करण्याचे काम ज्या खात्यात होते त्याला ब्लोरूम म्हणत. तेथून रुई कार्डिंग खात्यात जाई आणि पिंजली जाई. गिरणीतील सर्वाधिक धूळ या दोन खात्यांत. या धुळीत नुसते कापसाचे तंतू नसतात. बोंडाच्या बुडाशी असणारी पाने वाळून त्यांचा चुरा झालेला असतो, माती असते, आणि त्या चुऱ्यावर वाढलेले जिवाणू व त्यांच्या पेशीभित्तिकांतील विष असते. छातीत जी आवळ बसते ती मुख्यत्वे या विषामुळे, असे आजचे शास्त्र मानते. तंतू डोळ्यांना दिसतात, भुवयांवर बसतात, माणूस म्हातारा दिसू लागतो. पण ते मोठे असल्यामुळे नाकातच अडतात. खरा घातक भाग दिसत नाही, आणि तोच खोल जातो.

या रोगाची एक विलक्षण खूण आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार पहिल्या दिवशी कामावर येतो. सुट्टीत त्याला बरे वाटलेले असते. पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी छाती आवळू लागते, कोरडी ढास लागते, कोणी तरी छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी, त्याच खात्यात, त्याच धुळीत, त्रास कमी होतो. बुधवार-गुरुवारी जवळजवळ नाहीसा होतो. पुन्हा रविवार येतो, पुन्हा सोमवार येतो. शरीर त्या विषाला चार दिवसांत सरावते आणि सुट्टीत तो सराव मोडतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. सामान्य दमेकरी धुळीत जितका अधिक राहील तितका अधिक बिघडतो. येथे उलट दिसते. त्यामुळे कामगाराच्या तक्रारीवर कोणाचाच विश्वास बसत नसे. मुकादम म्हणे, रविवारी जास्त झाली असेल. घरचे म्हणत, कामाचा कंटाळा. त्या कामगाराला स्वतःलाही पुष्कळदा तसेच वाटे.

येथे मला नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तोपर्यंत कामगारांना नेमाने येणारा विसाव्याचा दिवस नव्हता. ज्या कामगाराला सुट्टीच नाही त्याचा सोमवार वेगळा कसा ओळखू येणार? आठवड्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते हे लक्षण नजरेस यावयास आधी आठवड्याला पहिला दिवस असावा लागतो. तो दिवस लोखंड्यांच्या चळवळीने मिळवून दिला. वैद्यकाच्या पुस्तकात ही नोंद सापडावयाची नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते.

बाहेरच्या देशांत हा रोग अज्ञात नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अंबाडी आणि जवस पिंजणाऱ्यांचा खोकला वर्णिला आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांतील कामगारांच्या छातीच्या विकाराबद्दल जेम्स के या डॉक्टरने १८३१ मध्ये लिहिले. पुढे १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या कार्डिंग खात्यांत पद्धतशीर पाहणी केली आणि १९६० मध्ये रोच यांच्यासह धुळीचे प्रमाण व रोगाचे प्रमाण यांचे नाते दाखवून दिले. शिलिंग यांनी रोगाच्या पायऱ्या ठरविल्या त्या अगदी सोप्या आहेत आणि कोणाही कार्यकर्त्याने पाठ कराव्यात अशा आहेत. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी अधूनमधून छाती आवळते, ही अर्धी पायरी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळते, ही पहिली. पहिल्या दिवशी आणि इतरही दिवशी आवळते, ही दुसरी. आणि फुप्फुसाची कायमची हानी मोजमापात दिसते, ही तिसरी. पहिल्या पायरीवरून माणसाला धुळीतून काढला तर तो बहुधा सुधारतो. तिसरीवरून परत फिरण्याची वाट नाही. शिलिंग यांनी केलेले काम म्हणजे अखेर काय? त्यांनी कामगाराला विचारले, आठवड्याच्या कोणत्या दिवशी त्रास होतो? एवढा एक प्रश्न.

मुंबईत केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूतगिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. हा रोग आणि सर्वसामान्य जुनाट श्वासरोध यांत फरक कसा करावा, यावरचा त्यांचा निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. त्या संपाची चर्चा बोनस, पगार, बदली कामगारांचे हाल आणि मान्यताप्राप्त युनियनचा प्रश्न यांभोवती फिरली, आणि ते स्वाभाविकच होते. पण छातीतल्या धुळीचा प्रश्न मागण्यांच्या अग्रभागी कधी आला नाही. हे आपल्या चळवळीचे न्यून आहे. पोटाची मागणी तातडीची असते. फुप्फुसाची मागणी मुक्या प्रदेशातून येते आणि ती ऐकू येईस्तोवर कामगार निवृत्त झालेला असतो किंवा गावी गेलेला असतो.

गावी गेलेला. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. गिरणीतील कामगारांची तपासणी केली आणि रोगी थोडे आढळले, तर मालकांचे डॉक्टर समाधानाने मान डोलावीत. परंतु ज्यांची छाती पुरती बिघडली ते गिरणीत उरलेच नव्हते. ते रत्नागिरीला, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परत गेले होते आणि तेथे ओटीवर बसून खोकत होते. त्यांची नोंद दमेकरी म्हणून झाली किंवा झालीच नाही. कामावर टिकलेल्यांचीच छाती तपासून खाते निरोगी ठरवावयाचे, हा लढाईतून परतलेल्यांचीच मोजदाद करून कोणी मेले नाही म्हणण्यासारखा प्रकार होय.

खात्याखात्यांची वाटणीही निरपेक्ष नव्हती. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली होती. तेथे धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीने सूत बाटेल या सबबीवर दलित कामगारांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कोणाच्या छातीत किती धूळ जाणार हे जेथे कोण कोणत्या खात्यात उभा राहील यावरून ठरते, तेथे जातीचा हिशेब फुप्फुसापर्यंत पोचतो.

आता क्ष-किरण चित्राविषयी. कामगार खोकत डॉक्टरकडे जातो, डॉक्टर छातीचा फोटो काढावयास सांगतो, फोटो स्वच्छ येतो, आणि डॉक्टर म्हणतो, काही नाही, विडी सोड. किंवा फोटोत जुनी एखादी खूण दिसते आणि क्षयाची औषधे सुरू होतात. कापसाच्या धुळीच्या दम्याची अशी खास खूण क्ष-किरण चित्रात उमटत नाही. दगडखाणीतल्या धुळीने होणारा सिलिकोसिस फोटोत दिसतो, कारण तेथे फुप्फुसाचे मांसच घट्ट होते. येथे बिघाड नळ्यांचा आहे, आणि नळीचा रोध फोटोत दिसत नाही, तो मोजावा लागतो. मोजण्याचे साधन नवे नाही. श्वासमापक यंत्र जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्येच लोकांपुढे ठेवले. खोल श्वास घेऊन जोराने फुंकावयाचे. निरोगी माणूस त्यातली तीन-चतुर्थांशाहून अधिक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. हे प्रमाण शेकडा ७० च्या खाली गेले की नळ्यांत अडवणूक आहे असे समजावे. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी एकदा व पाळीनंतर एकदा मोजले की कापसाच्या धुळीने त्या दिवसात काय केले ते आकड्यांत समोर येते.

विडीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, नाहीतर मी मालकांच्या वकिलांची उणी बाजू काढून आपली तेवढी झाकली असे होईल. धूम्रपान श्वासमार्गाचा शत्रू आहे, यात शंका नाही. फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनच्या नोकरदार पुरुषांची आठ वर्षे पाहणी करून १९७७ मध्ये दाखविले की वयाबरोबर प्रत्येकाचीच फुप्फुसे थोडी थोडी उतरतात, पण धूर ज्यांना बाधतो त्या ओढणाऱ्यांची उतरण कितीतरी तीव्र असते. त्यांचा दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा आहे: सोडणाऱ्याला गेलेले परत मिळत नाही, पण पुढची उतरण जवळजवळ न ओढणाऱ्याइतकी संथ होते. म्हणजे पन्नाशीत सोडली तरी उपयोग आहे. विडी आणि कापसाची धूळ एकत्र आली तर हानी वाढते. परंतु कधीही विडी न शिवलेल्या कामगारांनाही हा रोग होतो, स्त्रियांनाही होतो, हे तितकेच खरे. नुकसानभरपाईच्या दाव्यात विडी ही मालकाची आवडती साक्षीदार असते. तिला साक्षीला उभे राहण्याची संधीच का द्यावी? आपल्या बैठकांतही एकेकाळी समोरच्याचा चेहरा दिसू नये इतका धूर असे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. ती पाळण्यात आपण मागे राहू नये.

चुलीचा धूरही याच पंगतीत बसतो. ज्या बाईने उभ्या आयुष्यात विडी ओढली नाही, तिला पंचेचाळिशीत धाप लागते, कारण तिने लाकूड-गोवऱ्यांच्या धुरापुढे रोजचे कित्येक तास काढले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत जोडण्या मिळाल्या; दुसरे सिलिंडर भरावयास पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हे गावात काम करणाऱ्यांना सांगावयास नको.

धुळीवर उपाय नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याला अमेरिकेची गोष्ट सांगा. कॅरोलायना प्रांतांत निवृत्त आणि आजारी कापडकामगारांनी १९७५ च्या सुमारास ‘ब्राउन लंग असोसिएशन’ उभारली. दम लागलेली ही म्हातारी माणसे गावोगाव श्वासमापनाच्या तपासण्या भरवीत, दावे लावीत आणि राजधानीत जाऊन साक्षी देत. १९७८ मध्ये तेथे कापसाच्या धुळीची मर्यादा कायद्याने ठरली: सूतकताईच्या खात्यांत दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम, विणकामात ७५०. या नियमात दरवर्षी श्वासमापन सक्तीचे झाले, आणि ज्याच्या मापनात पहिल्या दिवशी शेकडा ५ किंवा २०० मिलिलिटर घट दिसेल त्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी असे ठरले. गिरणीमालक न्यायालयात गेले. खर्चाच्या मानाने लाभ किती, हे सरकारने आधी सिद्ध करावे, असा त्यांचा युक्तिवाद. १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कामगाराचे आरोग्य शक्य तितके राखावे असे कायदेमंडळानेच ठरविले असल्यामुळे पैशाच्या तराजूत ते पुन्हा तोलण्याचे कारण नाही, असा निर्णयाचा आशय होता. मात्र मुखपट वापरता न येणाऱ्या कामगाराला दुसऱ्या कामावर नेताना त्याची मजुरी कायम ठेवण्याचे कलम न्यायालयाने पुनर्विचारार्थ परत पाठविले. न्यायालयांकडून सगळेच एकदम मिळत नसते.

२०० मायक्रोग्रॅम म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करू. मध्यम श्रमाचे काम करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा ओढतो. तेव्हा त्या मर्यादेत राहिले तरी दोन मिलिग्रॅम धूळ त्याच्या वाट्यास येते. दर दिवशी, तीस वर्षे. आणि श्रम वाढले की माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो. नाकाचा मार्ग अरुंद असतो. नाकाने श्वास घेताना एकूण रोधातला जवळजवळ निम्मा एकट्या नाकाचा असतो. म्हणून धाप लागली की शरीर तो टाळते. पण धूळ गाळण्याची चाळणी नेमकी नाकातच आहे. अधिक राबणारा अधिक धूळ घेतो, तो असा.

तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, हा समज सोडून द्यावा. रुमाल तंतू अडवतो, सूक्ष्म धूळ अडवीत नाही. ती अडविणारे चांगले मुखपट मिळतात, पण त्यांतून श्वास घेणे म्हणजे स्वतःहून रोध वाढवून घेणे. उकाड्यात, दमट खात्यात, आठ तास ते चढवून काम करून पाहावे. सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवा मुद्दाम दमट राखीत, हे आपणांपैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. धूळ जेथे उठते तेथेच यंत्रावर आच्छादन घालून ती शोषून घेणे, हाच खरा उपाय. तो खर्चाचा आहे. मुखपट स्वस्त आहे. म्हणून कारखान्यात भिंतीवर मुखपटाचे चित्र लावलेले दिसते आणि शोषणयंत्र दिसत नाही.

कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या, चिमण्या पाडल्या, तेथे बाजारसंकुले उभी राहिली. आता हा विषय कशाला? कापूस कोठे गेलेला नाही. खानदेशात आणि विदर्भात हंगामात जिनिंग चालते. सरकी निघते तेथे धुळीचा नुसता धुरळा असतो, आणि कामावर हंगामी मजूर, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमाग चालतात. विणकामात पिंजणाइतकी धूळ नसते हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, तेथे आवाजाचा त्रास अधिक. पण दाटीवाटीच्या, पंखा नसलेल्या खोलीत सुताचा भुगा आणि खळीची धूळ बारा बारा तास छातीत जाते. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. तेथे चौकशी करणाऱ्याने सोमवारबद्दल विचारून उपयोग नाही, शनिवारबद्दल विचारावे.

कायदा काय म्हणतो? १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत कापूस, ताग वगैरेंच्या धुळीने होणारा हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. १९४८ च्या कारखाना कायद्यासह हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांत सामावले गेले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. त्यांत एक बदल बारकाईने वाचावा. पूर्वी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे. आता वीस लागतात. वीज नसलेल्या ठिकाणी विसांऐवजी चाळीस. आठ मागांची खोली आधीही पुष्कळदा कायद्याबाहेर होती. आता थोडी मोठी खोलीही बाहेर गेली. धुळीला मात्र कामगारांची संख्या मोजता येत नाही.

ज्यांना आधीच दम लागतो अशांसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. धाप लागली की घाबरून भराभर श्वास घेऊ नये. नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ मिटत आणून सावकाश सोडावा. त्याने नळ्यांत आतून थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. याला पैसे पडत नाहीत. डॉक्टरने श्वासातून घेण्याचे औषध दिले तर त्याची धास्ती बाळगू नये. त्याची सवय लागते ही समजूत निराधार आहे, आणि गोळीपेक्षा फार कमी मात्रेत ते थेट नळीवर काम करते. प्राणायाम चांगलाच आहे, त्याने श्वासाचे स्नायू सुधारतात. पण सकाळी प्राणायाम आणि दिवसभर ब्लोरूम, असा हिशेब जुळत नाही.

आणि कागद सांभाळावेत. गिरणी बंद झाली तेव्हा हजेरीची पुस्तके रद्दीत गेली. कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले याचा पुरावा नसेल तर भरपाईचा दावा पहिल्याच तारखेला लंगडा पडतो. भविष्यनिधीची पावती, राज्य विम्याचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, जुन्या सहकाऱ्याची सही असलेला जबाब, जे असेल ते एका पिशवीत ठेवावे. जिनिंगच्या मजुरांकडे यांतले काहीच नसते. तेथे कार्यकर्त्यानेच एक वही घालावी आणि हंगामाच्या आरंभी व अखेरी प्रत्येकाचे नाव, खाते, दिवस आणि फुंकेचा आकडा लिहून ठेवावा.

फुंकेचा आकडा कसा घ्यावयाचा ते आता प्रत्यक्ष दाखवितो. हे छोटे नळकांडे आहे ना, त्याला फुंकमापक म्हणा. १९५९ मध्ये राइट यांनी याचा पहिला, मोठा अवतार तयार केला. हा त्याचा स्वस्त धाकटा भाऊ. बारीक नळ्यांतला बिघाड याला पुरता कळत नाही, त्यासाठी रुग्णालयातले श्वासमापकच हवे. पण पाळीच्या आधी आणि नंतर फरक पडतो का, एवढे हा चांगले सांगतो. उभे राहावे, छाती भरून श्वास घ्यावा, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत आणि एका झटक्यात फुंकावे. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहावा. धडधाकट पुरुषाचा मिनिटाला पाचशे-सहाशे लिटरच्या आसपास येतो, स्त्रियांचा त्याहून कमी. उंची आणि वय यांप्रमाणे बदलतो, तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्याशी चढाओढ करू नये, आपल्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहावा. पुठ्ठ्याच्या तोंडनळ्या पुरेशा आणल्या आहेत, प्रत्येकाने वेगळी घ्यावी. जिनिंगहून आलेल्या भगिनींनी आधी यावे.